आराखड्याआधीची बैठक

पाणी, ऊर्जा आणि अन्न ही तीन खाती एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे या सभागृहात नव्याने सांगण्याची गरज नाही. जगभरात नद्या, तलाव आणि भूजलातून जे गोडे पाणी उपसले जाते, त्यातील सुमारे ७० टक्के शेतीकडे जाते. ते उपसायला ऊर्जा लागते आणि वीजनिर्मितीला पुन्हा पाणी लागते. २०११ साली जर्मनीतील बॉन येथे याच विषयावर झालेल्या परिषदेनंतर या तिन्हींचे नियोजन एकत्र व्हावे, या विचाराला चांगलीच चालना मिळाली. त्या नियोजनात स्थानिक माणूस नेमका केव्हा येतो, याविषयी मला आज बोलायचे आहे. तो आराखडा होण्यापूर्वी आला पाहिजे, आणि टंचाईच्या दिवसांत कोणाचे पाणी आधी तोडायचे हा नियम यंत्र बसण्याआधी त्यानेच ठरवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

यासाठी नेपाळमधील कालव्यांचे उदाहरण मी संधी मिळेल तिथे देतो आणि आजही ते सविस्तर देणार आहे. तेथे शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले आणि पिढ्यानपिढ्या स्वतःच चालवलेले असंख्य कालवे आहेत. नदीचे पाणी वळवणारा बांध दगड, माती आणि झाडांच्या फांद्या यांचा असतो. पावसाळ्यातील पुराने तो वाहून जातो आणि सर्वांनी जमून तो पुन्हा उभा करावा लागतो. अभियंत्याला यात श्रमांचा अपव्यय दिसतो, आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी बाहेरच्या निधीतून काँक्रीटचे पक्के बंधारे बांधले गेले. पुढे अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक कालव्यांची तुलना केली, तेव्हा शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचवण्यात शेतकऱ्यांचे कच्चे कालवे सरकारी यंत्रणेच्या पक्क्या कालव्यांपेक्षा सरस ठरले.

याचे कारण मुळातून समजून घेण्यासारखे आहे. कच्चा बांध वाहून गेला की तो उभारायला मुखाजवळच्या शेतकऱ्यांचे हात पुरत नाहीत; टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी यावे लागतात, आणि आपल्या शेतात पाणी येत असेल तरच ते येतात. म्हणून मुखाजवळचा शेतकरी हाताशी पाणी असूनही आपली पाळी संपली की दार बंद करतो. बंधारा पक्का झाल्यावर त्याला टेलच्या शेजाऱ्याची गरज उरली नाही आणि पाणी सोडण्याचे कारणही उरले नाही. आराखड्यात प्रवाह मोजला गेला, सिमेंट मोजले गेले, वाचणारे श्रमही मोजले गेले. त्या श्रमांच्या बदल्यात टेलच्या माणसाला काय मिळत होते, ते मात्र कोणी मांडले नाही. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तरीही हा धडा आपल्या निविदांपर्यंत पोहोचलेला नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

सौरपंपांच्या एका योजनेच्या बैठकीला मी बसलो होतो. पंपांची अश्वशक्ती आणि पॅनेलची जागा ठरलेली होती. सह्यांची वही आधी फिरली आणि योजना नंतर समजावली गेली. मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, “उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की पंप बंद कोण करणार?” त्याचा विचार अंमलबजावणीच्या टप्प्यावर होईल, असे उत्तर मिळाले. खरे तर सगळ्या योजनेचे मर्म त्या प्रश्नात होते. डिझेलवर प्रत्येक तासाला पैसा जातो म्हणून हात आखडतो. सौरपंपाला पुढच्या तासाचा खर्च जवळजवळ नसतोच, आणि उपसा वाढला की शेजारची उथळ विहीर आधी कोरडी पडते. त्या विहिरीवरची शेजारीण लाभार्थींच्या यादीत नसते, त्यामुळे तिला बैठकीचे बोलावणेही नसते. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणे आणि मत विचारणे या पायऱ्या देखाव्याच्या सहभागात मोडतात. आपल्या बहुतेक सह्यांच्या वह्या तिथेच थांबतात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून करायचे काय ते थोडक्यात सांगतो. नियम आधी ठरवता येतात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात उभी केलेली पाणी पंचायत हे त्याचे उदाहरण आहे: पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला, उसाला बंदी झाली आणि खर्चाचा काही भाग सभासदांनी उचलला. उपसा कमी करण्यात शेतकऱ्याचा फायदा असावा, यासाठी गुजरातमधील ढुंडी येथील सौरपंपधारकांच्या सहकारी संस्थेने २०१६ पासून उरलेली वीज विकण्याचा मार्ग दाखवला. तंटे सोडवायला स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे पाणी न्यायालय पाहावे. तेथे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी बसून तोंडी सुनावणी घेतात आणि तिथेच निकाल देतात.

निधी देणाऱ्यांकडे माझे एवढेच मागणे आहे की, या बैठकांचा खर्च सर्वेक्षणाच्याही आधी मंजूर करावा, लाभार्थी नसलेल्या शेजाऱ्यांनाही तिथे बोलवावे, आणि बैठकीअंती लोकांनी योजना नाकारली तरी तो खर्च वाया गेला असे धरू नये.