काचेखालचे कात्रण

नमस्कार, श्रोतेहो.

पणजीतल्या ज्या कचेरीत माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, तिथे प्रत्येक टेबलावर एक जाड काच असे आणि त्या काचेखाली त्या टेबलाच्या मालकाचे खासगी जग मांडलेले असे. मंगेशीचा फोटो, वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी, मुलाच्या शाळेचे वेळापत्रक आणि वर्तमानपत्रातून कापलेले एखादे व्यंगचित्र. हे व्यंगचित्र बहुतेक वेळा कचेरीवरचेच असायचे. ज्या जागेला माणूस दिवसभर कंटाळतो, तिचेच चित्र त्याने पुन्हा डोळ्यांसमोर का ठेवावे, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

ओळखीचे दिसले की हसू येते, असे याचे एक सोपे उत्तर आहे; पण ते मला अपुरे वाटते. म्हापशाहून पणजीला येणाऱ्या कदंब बसमधली सकाळची गर्दीही आमच्या ओळखीचीच होती, तरी तिचे चित्र कोणी काचेखाली घातले नाही. बसमध्ये पाय तुडवला गेला तर माणूस लगेच तोंड सोडतो आणि मोकळा होतो. कचेरीत मात्र साहेबांनी परवा स्वतःच मंजूर केलेली टिप्पणी आज 'ही कोणी लिहिली?' म्हणून समोर टाकली, तर 'मी लिहिली, साहेब' एवढेच म्हणता येते. मनात उठलेले पुढचे वाक्य घशातच राहते. कचेरीवरच्या व्यंगचित्राची सगळी गंमत या न बोललेल्या वाक्यात आहे, असे माझे मत आहे.

स्कॉट अ‍ॅडम्स या अमेरिकन चित्रकाराची 'डिल्बर्ट' ही मालिका १९८९ साली सुरू झाली. तिचा नायक डिल्बर्ट हा अर्ध्या भिंतींच्या खुराड्यात बसणारा अभियंता आहे. त्याचा टाय बरीच वर्षे वर वळलेला असे, चष्म्यामागचे डोळे दिसत नाहीत आणि एरवी त्याला तोंडही काढलेले नसते. त्याच्या साहेबाला शिंगांसारखे वर आलेले केस आहेत, पण नाव नाही. ज्याला त्याला तिथे आपापला साहेब बसवता यावा, म्हणून अ‍ॅडम्स यांनी त्याला मुद्दामच बिननावाचा ठेवला. स्वतः अ‍ॅडम्स १९९५ पर्यंत एका टेलिफोन कंपनीत नोकरी करत होते, आणि १९९३ मध्ये त्यांनी चौकटींच्या बाजूला आपला ई-मेलचा पत्ता छापायला सुरुवात केल्यावर वाचकच त्यांना आपल्या कचेऱ्यांतले किस्से पाठवू लागले. म्हणजे देशभरच्या कर्मचाऱ्यांच्या घशात अडकलेली वाक्ये या एका माणसाकडे टपालासारखी जमा होत होती. पुढे २०२३ मध्ये कृष्णवर्णीयांविषयीच्या त्यांच्या वक्तव्यांमुळे शेकडो वर्तमानपत्रांनी ही मालिका बंद केली, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. मात्र त्यामुळे तिची आधीची ओढ खोटी ठरत नाही.

आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या दालनांत वर्षानुवर्षे उभा राहिला, तोही एक शब्द न बोलता. त्याच्याभोवती फायलींचे ढीग असत, बाकीचे बोलत असत, आणि हा फक्त पाहत असे.

आपल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी रेखाटलेल्या कचेरीबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण ती आपल्या घरातली आहे. मुंबईच्या नियतकालिकांसाठी त्यांनी ठिपक्यांच्या झग्यातली सेक्रेटरी मिस फोन्सेका, कारकून गोडबोले आणि त्यांचा बॉस ही मंडळी उभी केली. या दोन आडनावांतच मुंबईतल्या कचेरीचा एक काळ सामावला आहे. टाइपरायटरवर बसलेली गोव्याची ख्रिस्ती मुलगी आणि शेजारच्या टेबलावरचा मराठी कारकून ही जोडी कल्पनेतली नव्हे. आपल्यापैकी अनेकांच्या घरांतल्या आत्या आणि मावश्या तशा नोकऱ्यांसाठी मुंबईला गेल्या होत्या. मिस फोन्सेकाच्या देहाच्या वळणांवर केलेला विनोद आज मला खटकतो, हे सांगितलेच पाहिजे. पण गोडबोल्यांचा बापुडवाणा चेहरा आजही मी रोज कुठे ना कुठे पाहतो.

या मालिकांची दुसरी खूण म्हणजे त्यांत काहीच पुढे सरकत नाही. कादंबरीत काहीतरी घडावे लागते, नाटकाला पडदा असतो. पण 'ब्लाँडी' या १९३० पासूनच्या अमेरिकन मालिकेतला डॅगवुड तोच साहेब, तेच टेबल सांभाळत अजून पगारवाढ मागतो आहे आणि ती त्याला मिळत नाही. आमच्याकडे कोणी एखाद्या कामाची चौकशी केली, की 'फायल वयर गेल्या' हे एकच उत्तर असे. फाइल खरोखरच वर गेलेली असे आणि महिन्याने एका शंकेसह पुन्हा आवक नोंदवहीत येऊन पडत असे. सोमवारी संपलेले मंगळवारी पुन्हा सुरू होते, हे तीन चौकटींच्या पट्टीइतके नेमके दुसऱ्या कुठल्या प्रकाराला सांगता येत असेल, असे मला वाटत नाही.

आमच्या हेड क्लार्कच्या काचेखालीही साहेबांची खिल्ली उडवणारे असे एक कात्रण होते. एकदा खुद्द साहेब त्या टेबलाशी आले, वाकून त्यांनी ते वाचले आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेब मोठ्याने हसले. 'अहो, हे तर हुबेहूब आमचे डायरेक्टर!' असे म्हणून त्यांनी शिपायाला हाक मारली आणि काच उचलून त्या कात्रणाच्या दोन झेरॉक्स काढून आणायला सांगितले.