तिकीट कुणाचं, विमान कुणाचं

(मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. तुरीची सोंगणी टाकून तुम्ही आलात, म्हणून आधी तुमचे आभार. अध्यक्षांनी माझी ओळख 'विमानवाले' अशी करून दिली. मी विमान कधी चालवलं नाही. नागपुरात तिकीट बुकिंगच्या टेबलामागे बसून आयुष्य काढलं, एवढाच माझा विमानाशी संबंध. आधी गावाकडून फोन यायचा तो विदर्भ एक्स्प्रेसचं वेटिंग कन्फर्म होते का, हे विचारायला. आता फोन येतो, "भाऊ, पोरगी शिकागोले बाळंतीण होनार हाये, तिच्या मायले पाठवाचं हाये. सस्तं पाहून द्या."

सस्तं पाहून द्यायला माझी हरकत नाही. पण त्याआधी मी एक प्रश्न विचारतो आणि समोरचा माणूस गप्प होतो. प्रश्न असा, की मधलं विमान चुकलं तर जबाबदारी कुणाची? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

तुम्ही मूर्तिजापूरकर आहात, म्हणून तुम्हाला हे समजावणं सोपं. शकुंतला आठवते ना? यवतमाळ ते मूर्तिजापूर, पुढे अचलपूर. तिचे रूळ होते इंग्रजी अमदानीतल्या एका खाजगी कंपनीचे, आणि गाडी चालवायची मध्य रेल्वे. डब्यात बसणाऱ्या माणसाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला अचलपूरला उतरायचं होतं, बस. पण गाडी मधेच थांबली, तर शिव्या कुणाला घालायच्या हे ठरवायला मालक कोण आणि चालवणारा कोण, हे माहीत असावं लागायचं. विमानात आज हेच चालतं. त्याला कोडशेअर म्हणतात. विमान एकच, पण दोन-तीन कंपन्या आपापला नंबर लावून त्यातल्या जागा विकतात. तुम्ही एअर इंडियाचं तिकीट काढता, नंबर 'एआय'नं सुरू होतो, आणि आत पाय ठेवता तर विमान लुफ्तान्साचं. फसवणूक नाही ही. तिकिटावर बारीक अक्षरांत 'ऑपरेटेड बाय' म्हणून लिहिलेलं असतं. आपण सातबारा जसा भिंग लावून वाचतो, तशी ती ओळ वाचायची.

या ओळीचे पैसे होतात, हे एका उदाहरणानं सांगतो. युरोपीय संघाचा 2004 सालचा 261 क्रमांकाचा एक नियम आहे. कंपनीच्या चुकीनं लांबच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर झाला, तर प्रवाशाला 600 युरो भरपाई. युरोपातून निघणाऱ्या विमानाला हा नियम लागतो, मग कंपनी कुठलीही असो. पण बाहेरून युरोपात येणाऱ्या विमानाला तो लागतो फक्त विमान चालवणारी कंपनी युरोपातली असेल तर. म्हणजे दिल्लीहून फ्रँकफर्टला जाणारी दोन पोरं. एकाकडे एअर इंडियाचा नंबर, विमान लुफ्तान्साचं. दुसऱ्याकडे लुफ्तान्साचा नंबर, विमान एअर इंडियाचं. दोन्ही विमानं बिघाडानं सहा तास रखडली. पहिल्याला भरपाई मागता येते, दुसऱ्याला त्या नियमाखाली नाही. धुकं, वादळ असल्या कारणांना मात्र कुणालाच नाही.

आता विमान कंपन्यांच्या आघाड्या. आघाडी म्हटलं की आपल्याकडे निवडणूक आठवते, आणि ते काही फार चुकीचं नाही. मंचावर हात वर करून उभे राहिले म्हणजे प्रत्येक वाटणीत एकमत असतं, असं नाही. (हशा) स्टार अलायन्स 1997 साली पाच कंपन्यांनी सुरू केली. एअर इंडिया तिच्यात आली 2014 च्या जुलैत. लुफ्तान्सा, सिंगापूर, युनायटेड त्याच गोटातल्या. वनवर्ल्डमध्ये कतार आणि ब्रिटिश एअरवेज. स्कायटीममध्ये एअर फ्रान्स, केएलएम. एमिरेट्स कुठंच नाही, आणि तिचं काही अडत नाही. इंडिगोही आघाडीबाहेर राहून परदेशी कंपन्यांशी सुटे करार करत आली. आघाडीचा फायदा म्हणजे एका कंपनीच्या खात्यावर दुसऱ्या कंपनीच्या प्रवासाचे पॉइंट जमतात, एका तिकिटावर चार देश जोडता येतात. पण लोकांचा गैरसमज असा, की दोन्ही कंपन्या एकाच आघाडीतल्या आहेत म्हणजे दोन वेगळी तिकिटं काढली तरी चालतं. नाही चालत. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही.

या धंद्यात अकरा वर्षं काढल्यावर मी माझ्याच बायकोला अमेरिकेला पाठवत होतो. डिसेंबरचा महिना. नागपूर–दिल्लीचं तिकीट वेगळं काढलं, दिल्लीहून पुढचं वेगळं. साडेतीन हजार रुपये वाचले. मनात म्हटलं, आपण धंद्यातले, आपल्याला कोण फसवतो! दिल्लीत धुकं पडलं, विमान जयपूरला उतरवलं. ते दिल्लीला पोचलं तोवर पुढचं विमान उडून गेलं होतं. पहिली कंपनी म्हणाली, तुमचं तिकीट दिल्लीपर्यंतचं, आम्ही दिल्लीला आणून सोडलं. दुसरी म्हणाली, तुम्ही वेळेवर आलाच नाहीत. दोघंही कागदावर बरोबर! बायको विमानतळाच्या लोखंडी खुर्चीवर बसलेली, शेजारी तिखटाचे डबे भरलेल्या दोन बॅगा, आणि मी इकडे नवीन तिकिटाचे लाखावर पैसे मोजतोय. साडेतीन हजारांचा विषय घरात आजही निघतो. (हशा)

तेच एक तिकीट असतं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम होतं. दुसऱ्या कंपनीच्या विमानात का असेना, पण ते जुळवायचं त्यांनी.

मग तिकीट एक आहे हे ओळखायचं कसं? पीएनआरवर जाऊ नका. पीएनआर सहा अक्षरांचा असतो, आणि एकाच तिकिटावर दोन कंपन्यांचे दोन वेगळे पीएनआर असू शकतात. उलट काही वेबसाइटी दोन तिकिटं एकाच कागदावर छापून देतात. तुम्ही बघायचा तो ई-तिकीट नंबर. तेरा आकडे. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे. 098 म्हणजे एअर इंडिया, 220 लुफ्तान्सा, 157 कतार, 176 एमिरेट्स. नागपूरपासून शिकागोपर्यंतच्या सगळ्या टप्प्यांपुढे तोच नंबर असेल, तर तिकीट एक. आकडे बदलले, तर मधे जी फट आहे ती तुमची. लांबलचक तिकिटाला कधी लागोपाठचे दोन नंबर येतात, ते चालतं.

एका तिकिटाला एक अटही चिकटून येते. टप्पे ओळीनं वापरायचे. शेगावकडचा एक पोरगा होता, कॅनडाला शिकायला निघाला. तिकीट नागपूर–मुंबई–पुढे परदेश असं, एकच. घरच्यांनी विचार केला, नागपूरला उलटं कशाला जायचं? शेगावहून रात्री विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊ, सगळ्यांना सोडायलाही येता येईल. दहा माणसं, पुरणपोळ्या, हारतुरे. मुंबईच्या काउंटरवर कळलं, की नागपूरहून पोरगा बसला नाही म्हणून पुढचं सगळं तिकीट रद्द, परतीचंसुद्धा. त्याचा बाप मला फोनवर म्हणे, "आम्ही त त्यायचा एक टप्पा सोडला, त्यायचं डिझेल वाचवलं, अन् वरून आम्हालेच दंड?" मला उत्तर सुचलं नाही. तर्क त्यांचा चोख होता. पण नियम तसा आहे. पहिला टप्पा सोडायचा असेल, तर आधी कंपनीशी बोलून तिकीट बदलून घ्या.

सामानाकडे येतो. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या चेक-इनला 15 किलो देतात. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा 23 किलोच्या दोन बॅगा. एका तिकिटावर नागपूरपासूनच मोठी मर्यादा लागू होते. वेगळ्या तिकिटावर नागपूरलाच जादा वजनाचे पैसे भरा, नाहीतर कुरड्या-पापडाचा डबा सोडायला आलेल्या भावाच्या हाती परत द्या. बॅगेला जो टॅग लावतात तो वाचा. शिकागोचं अक्षर 'ओआरडी'. टॅगवर ते दिसलं, तर बॅग मधे उचलायची नाही. अपवाद अमेरिकेचा. तिथं पहिल्या ज्या गावी उतराल, तिथं बॅग घेऊन कस्टमपुढून न्यायची आणि पुन्हा पट्ट्यावर द्यायची. परत येताना तेच दिल्ली-मुंबईला. टॅगवर नागपूर लिहिलं असलं तरी काउंटरवर विचारून घ्या. देशात पहिल्यांदा उतरता तिथं सहसा बॅग उचलावीच लागते.

आणि बॅगेपाठोपाठ व्हिसा येतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. दोन तिकिटं असली, की मधल्या देशात बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं. बाहेर यायचं म्हणजे त्या देशात शिरायचं. शिरायचं म्हणजे व्हिसा. तो नसेल, तर नागपूर-दिल्लीतच तुम्हाला विमानात चढू देत नाहीत. अमेरिकेत तर एक तिकीट असलं तरी मधे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. कॅनडाला जाताना अमेरिकेमार्गे चार पैसे स्वस्त दिसलं, तर आधी हे आठवा. लंडनमार्गे जाणाऱ्यांनीही ट्रान्झिटचे, म्हणजे मधे विमान बदलण्याचे, नियम त्या सरकारच्या वेबसाइटवर स्वतः बघावेत. शेजारच्याच्या पोराला लागला नव्हता, हा पुरावा नाही. त्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल, म्हणून तो सुटला असेल.

मधला वेळ किती ठेवायचा? प्रत्येक विमानतळाचा एक किमान वेळ ठरलेला असतो, त्याहून कमी वेळाचं तिकीट कंप्युटर देतच नाही. पण तो वेळ धावणाऱ्या माणसाचा. नऊवारी नेसलेल्या, पहिल्यांदाच सरकता जिना बघणाऱ्या बाईचा नाही. मी तीन तासांखाली देत नाही.

इथं थोडं विषयांतर करतो, नागपूरचा माणूस म्हणून तेवढी सूट द्या. हे जे दुबई-दोहाला करतात ना, चारी दिशांची विमानं एका ठिकाणी आणायची, अदलाबदल करायची आणि परत पाठवायची, ते आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळानं 1949 सालीच करून दाखवलंय. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारी शहरांतून रात्री टपालाची विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्या इकडच्या तिकडे व्हायच्या, आणि पहाटेपर्यंत जो तो आपल्या गावी परत. आज त्याच नागपूरहून परदेशी जायचं तर बहुतेकांना आधी दिल्ली-मुंबई गाठावी लागते. असो.

जेवण आणि व्हीलचेअर. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असलं, की तुम्ही सांगितलेलं शाकाहारी जेवण वाटेत गळून पडतं. म्हणून विमान चालवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्या आणि तिच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. व्हीलचेअरचंही तसंच. आणि ती मागताना नीट सांगा, की पायऱ्या चढता येतात की नाही. दोन्हीचे कोड वेगळे असतात. व्हीलचेअर मागायला लाजू नका. इंग्रजी येत नसलेल्या माउलीला हात धरून दारापर्यंत नेणारा माणूस त्या खुर्चीसोबत मिळतो.

शेवटी एका काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो. "तिकीट जानेवारीत काढलं, जायचं जुलैत. मधे काही करावं लागते का?" काकू, लागते. मधल्या काळात कंपन्या वेळा बदलतात. पहिलं विमान दोन तास पुढे सरकतं, दुसरं तिथंच राहतं, आणि कागदावर जोड तुटलेली असते. ईमेल जातो तिकीट काढून देणाऱ्या पोराच्या पत्त्यावर, आणि तो पाहत नाही. तुम्ही पंधरा दिवसांनी एकदा तिकीट उघडून वेळा बघा. जोड तुटलेली दिसली, तर पहिल्या तीन आकड्यांच्या कंपनीला फोन लावा, एजंटाकडून काढलं असेल तर आधी एजंटाला. वेळ त्यांनी बदलली, म्हणून जमेल असं दुसरं विमान त्यांच्याकडून फुकट मागायचं. फोनवर गाणं वाजत राहील, अर्धा तास वाजेल. ठेवू नका. स्पीकरवर टाका अन् तूर निवडत बसा.