पाचवी ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या आसपास अभ्यासिका किती वाढल्यात, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. मी कॉलेजात गणित शिकवते. परीक्षा जवळ आली की मुलं बोलावतात, म्हणून अशाच एका अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसते.

सुरगाण्याकडचा एक मुलगा इंटिग्रेशनचं उदाहरण सोडवत होता. चार ओळी झरझर लिहिल्या, पाचवीला अडला. पेन थांबलं आणि डावा हात फोनकडे गेला. रिंग वाजली नव्हती, कुणाचा मेसेजही नव्हता. अंगठा वर वर सरकत राहिला. मी घड्याळाकडे बघत होते. २२ मिनिटांनी त्यानं मान वर केली, वहीत पाहिलं आणि पान उलटून पुढचं उदाहरण घेतलं. पाचवी ओळ कोरीच राहिली.

मुलं दिवसाचे किती तास फोनवर असतात, याचा हिशेब घरोघरी मांडला जातो. मला त्या पाचव्या ओळीची जास्त काळजी वाटते. येतंय ते लिहिणं सोपं असतं. अडल्या जागी दहा मिनिटं तळमळत बसायचं, खाडाखोड करायची, तेव्हा कुठे गणित डोक्यात उतरतं. ती तळमळ सुरू व्हायच्या आतच हात फोनकडे जातो.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांचे फोन मुके केले. काहींचे टेबलावर पालथे ठेवले, काहींचे खिशात किंवा पिशवीत, काहींचे दुसऱ्या खोलीत. मग डोकं चालवायच्या चाचण्या दिल्या. ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते, ते टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा सरस ठरले. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा फरक दर वेळी तेवढा दिसला नाही. पण अभ्यासिकेत मी जे रोज बघते, ते याच्याशी जुळतं.

त्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, “मॅडम, सगळ्यांचं काही ना काही चाललंय. माझंच काही नाही.” मखमलाबाद नाक्याजवळ एका खोलीत चौघं राहतात. रात्री दिवा मालवला की चौघांच्या तोंडावर चार उजेड, आणि बोलत कुणीच नाही. कुणाची सापुताऱ्याची ट्रिप, कुणाची नवी बुलेट, कुणाला लागलेली नोकरी. आई गावाकडे भाताच्या आवणीत वाकलेली, आणि हा एक वाजेपर्यंत दुसऱ्यांचं सुख बघत पडलेला. ऐकून माझ्या पोटात कालवलं.

फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि मग एकेका कॉलेजात पोचत गेलं. सगळीकडे एकदम न पोचल्यानं संशोधकांना आधीचं-नंतरचं ताडून पाहता आलं. २०२२ साली त्यांनी लिहिलं की, फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं मनःस्वास्थ्य ढासळलं, आणि मनाच्या त्रासामुळे अभ्यास बिघडल्याचं सांगणारेही वाढले. इतरांशी तुलना हे मुख्य कारण त्यांना दिसलं. आमच्या मुलाचं दुखणं तेच.

फोन काढूनच घ्या, असं मी म्हणणार नाही. कॉलेजच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात. सातपूरला कारखान्यात पाळी करून मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्याला तर फोनचाच आधार. पेन्सिल्वेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरायला सांगितलं. तीन आठवड्यांत त्यांचं एकटेपण आणि उदासी कमी झाली.

आमच्या अभ्यासिकेच्या मालकांनी दाराशी कप्प्यांचं कपाट ठेवलं. ५० मिनिटं फोन तिथे, मग सुट्टी. आमचा सुरगाणेकर पहिल्या दिवशी किती वाजले बघायला म्हणून तीनदा उठला. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचं घड्याळ नेऊन लावलं. आता अडला की वही घेऊन माझ्याकडे येतो.

आईबाबांनो, पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, सुट्टीतही घरी यायचं टाळत असेल, तर फोन बघण्यावरून रागावण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि मुलांनो, मन फारच भरून आलं तर टेली-मानसला फोन करा. सरकारची ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, १४४१६. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा.

नमस्कार.