आवक फोल्डर कोणाचं?

मंडळी, गेली १८ वर्षं मी मेल सर्व्हर सांभाळते आहे. या काळात माझी झोप सगळ्यात जास्त उडवली ती सामाईक फोल्डरांनी. एखाद्याची स्वतःची मेलपेटी जुन्या सर्व्हरवरून नव्यावर नेताना काही राहिलं, तर तो माणूस सव्वादहाला फोन करून विचारतो, ‘माझे मेल कुठं गेले?’ आवक, तक्रारी, निविदा असल्या फोल्डरांचं तसं नसतं. ती दहाजण वापरतात, आणि दहाहीजणांना वाटतं की दुसऱ्या कोणीतरी कळवलं असेल.

ज्यांनी कचेरीत आवक-जावक नोंदवही पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. त्या वहीत लिहितो एकजण, बघतात सगळे, आणि शाई लावून खोडायचा अधिकार कोणालाच नसतो. हे नियम वहीवर लिहिलेले नसतात, लोकांच्या अंगवळणी पडलेले असतात. मेल सर्व्हरवर मात्र ते लिहावेच लागतात. सातबाऱ्याला जसा इतर हक्कांचा रकाना असतो, तसा प्रत्येक सामाईक फोल्डरला हक्कांचा एक तक्ता असतो. आपण स्थलांतर करतो तेव्हा मेलांचे आकडे जुळवतो, जुने ४१,०००, नवे ४१,०००, आणि हात झटकतो. तक्ता तिकडेच राहतो.

हा तक्ता कसा असतो ते थोडं खोलात जाऊन सांगते. सर्व्हरवरचे मेल उघडण्याच्या आयमॅप या पद्धतीत प्रत्येक हक्काला एक इंग्रजी अक्षर आहे. एल म्हणजे फोल्डर यादीत दिसणं, आर म्हणजे वाचणं, आय म्हणजे त्यात मेल ठेवणं, ए म्हणजे इतरांना हक्क देणं. १९९७ साली हे पहिल्यांदा ठरलं तेव्हा खोडण्यासाठी डी हे एकच अक्षर होतं. २००५ मध्ये नवा नियम आला आणि ते काम वाटलं गेलं: खोडायची खूण करायला टी, खूण केलेले मेल कायमचे पुसायला ई, आणि अख्खं फोल्डरच काढून टाकायला एक्स. फोल्डर काढायचा हा हक्क जुन्या सर्व्हरांपैकी काहींत डीबरोबर येई, काहींत फोल्डर तयार करण्याच्या सी या हक्काबरोबर. म्हणून जुना तक्ता डोळे मिटून नव्यात ओतला, तर ज्या लिपिकाला एखादा फालतू मेल खोडायची मुभा होती, त्याच्या हातात पूर्ण फोल्डर उडवायची किल्ली जाऊ शकते. तक्ता कागदावर काढा आणि त्या त्या विभागाच्या माणसासमोर बसून एकेक नाव वाचा. त्यात निवृत्त झालेले सापडतात, बदली झालेले सापडतात. हे काम कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

पी या अक्षराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यानं मला धडा शिकवला. पी म्हणजे पत्त्यावर आलेला मेल सरळ त्या फोल्डरात टाकण्याचा हक्क. एका संस्थेचा सर्व्हर आम्ही सायरसवरून डव्हकॉटवर नेत होतो; ही दोन्ही मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरांची नावं. तक्रारींसाठी त्यांचा स्वतंत्र पत्ता होता. तिथं येणारा मेल चाळणीतून, म्हणजे मेल आपोआप वाटणाऱ्या नियमांतून, तक्रारींच्या फोल्डरात पडायचा. नव्या सर्व्हरवर फोल्डर होतं, चाळणी होती, पी तेवढा द्यायचा राहिला. चाळणीला फोल्डरात मेल टाकता आला नाही की ती तो त्या खात्याच्या मुख्य पेटीत ठेवते, आणि ती पेटी कोणीच उघडत नव्हतं. पाठवणाऱ्याला काही परत गेलं नाही, आमच्याकडे कुठली घंटा वाजली नाही. चार दिवस तक्रारींचं फोल्डर रिकामं होतं आणि सगळे म्हणत होते, या आठवड्यात तक्रारी कमी आहेत. चौथ्या दिवशी एक बाई स्वतः कचेरीत आल्या, तेव्हा कळलं. चूक माझी होती. त्यांची क्षमा मागताना मला अतिशय वाईट वाटलं, कारण मेल त्यांनी वेळेत पाठवला होता.

त्याच कामात दुसरी गोष्ट कळली. आवक फोल्डर तिघीजणी बघत. ठळक अक्षरातला मेल म्हणजे काम बाकी, साधा म्हणजे झालं, हा त्यांचा हिशेब. सायरस ही वाचल्याची खूण एरवी प्रत्येकीची वेगळी ठेवतो. डव्हकॉटमध्ये तशी मांडणी मुद्दाम केली नाही तर खूण सगळ्यांची एकच होते. एकीनं मेल उघडला की तिघींच्या पडद्यावर तो साधा. यातलं कुठलं बरं ते आपण ठरवू नये, त्या तिघींना विचारावं. त्यांनी विचार करून सांगितलं की एकच खूण चालेल, पण उत्तर जाईपर्यंत मेलवर तारा लावून ठेवू. ही पद्धत माझ्या डोक्यात आली नसती.

आता मराठी नावांचं. फोल्डरला मराठी नाव द्यावं असा माझा आग्रह असतो, पण सर्व्हरच्या पोटात ते कसं दिसतं हे माहीत असू द्या. आयमॅपच्या जुन्या रीतीत इंग्रजीबाहेरची नावं एका खास लिपीबदलातून जातात. ‘आवक’ हे नाव डिस्कवर असं असू शकतं: अँपरसँड (&), सी, क्यू, वाय, जे, एन, क्यू, लहान के, व्ही आणि शेवटी आडवी रेघ. देवनागरीतल्या नावाची सुरुवात हमखास अँपरसँड आणि सीनं होते. आमच्याबरोबरच्या एका मुलानं अशी सात-आठ नावं बघितली, त्याला तो खराब झालेला कचरा वाटला, आणि त्यानं ती यादीतून वगळली. म्हणजे नेमकी मराठी फोल्डरं राहून गेली. आकडे जुळेनात म्हणून त्याच रात्री सापडलं. २०२१ च्या नव्या आयमॅप नियमात नावं सरळ युनिकोडमध्ये जातात, तरी जुने सर्व्हर अजून पुष्कळ आहेत. शिवाय ‘दौऱ्याची बिलं’ यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अख्खा आणि एक र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. एकाच नावाची दोन फोल्डरं दिसली तर आधी हे तपासा.

मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठीही थोडं बोलते, कारण एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथं सामाईक फोल्डरांना पब्लिक फोल्डर म्हणतात, आणि ती १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. २०१० च्या आवृत्तीपर्यंत त्यांच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवता यायच्या. २०१३ च्या आवृत्तीपासून ती खास मेलपेट्यांत राहतात आणि फोल्डरांच्या रचनेची लिहिता येणारी प्रत एकाच पेटीत असते. २०१० वरून नेताना क्रम पाळा: आधी माणसांच्या पेट्या, मग सामाईक फोल्डरं. जुन्या सर्व्हरवर राहिलेल्या माणसाला नवी फोल्डरं उघडता येत नाहीत. नावात उलटी तिरकी रेघ (\) असेल तर आधी नाव बदला. शेवटच्या टप्प्यात फोल्डरांना कुलूप लागतं आणि त्यांच्या पत्त्यांवर आलेले मेल रांगेत थांबतात, म्हणून लोकांना आधी सांगा. बदल झाल्यावर मागं फिरलात, तर मधल्या काळातलं टपाल हातातून जातं.

मेल हलवायला इमॅपसिंक हे साधन चांगलं आहे. पुन्हा पुन्हा चालवलं की फक्त राहिलेलं नेतं, त्यामुळं आठवडाभर आधीपासून सुरू करता येतं. तपासणी मात्र व्यवस्थापकाच्या खात्यातून करू नका, त्याला सगळंच दिसतं. सर्वांत कमी हक्क असलेल्या शिपायाच्या खात्यातून उघडा. निविदा त्याला दिसत नाहीत ना, हे त्याच्याच पडद्यावर बघा. लोकांना फोल्डर दिसत नसेल तर घाबरू नका. पुष्कळदा ते असतं, फक्त त्यांच्या प्रोग्रॅममध्ये सदस्यत्वाची, म्हणजे ते यादीत दाखवायची, खूण गेलेली असते.

आणि जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. त्यावर एल आणि आर एवढीच अक्षरं ठेवा, म्हणजे बघता येईल, बदलता येणार नाही. महिनाभर ठेवतो असं बहुतेकजण म्हणतात. मी पूर्ण आर्थिक वर्ष ठेवते. त्या संस्थेत ‘लेखापरीक्षण’ नावाचं एक फोल्डर वर्षातून एकदाच उघडलं जायचं. आम्ही मे महिन्यात सर्व्हर बदलला होता. त्याच्या आत एक उपफोल्डर राहिलं होतं, हे सप्टेंबरात लेखापरीक्षक येऊन बसले तेव्हा समजलं. जुना सर्व्हर चालू होता. वीस मिनिटांत ते त्यांच्या पडद्यावर आणून दिलं.