साहेब नगराध्यक्षपदाला उभे राहतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

नगरपालिकेची निवडणूक लागली की उमेदवारांच्या गर्दीत अधूनमधून एक वेगळं नाव दिसतं. जिल्हा उद्योग केंद्राचे निवृत्त महाव्यवस्थापक, नाहीतर एमआयडीसीतून निवृत्त झालेले प्रादेशिक अधिकारी. निरोप समारंभाचा हार सुकतो न सुकतो तोच हे साहेब नगराध्यक्षपदाचा अर्ज भरतात. नोकरीत असताना ते जमत नव्हतं, सरकारी नोकरांचे 1979 चे वर्तणूक नियम आड येत होते. आता मार्ग मोकळा आहे. पत्रकावरची पहिली ओळही ठरलेली असते : विकासाचा प्रदीर्घ अनुभव.

त्या अनुभवाबद्दल आज बोलायचं आहे. मत कुणाला द्या हे मी सांगणार नाही. रेडिओवरून ते सांगायचं नसतं, आणि सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही.

आधी साहेबांची जमेची बाजू. एमआयडीसी 1962 पासून जमिनी घेते, रस्ते-पाणी करते, भूखंड पाडून देते. उद्योग केंद्रं 1978 ला आली. तिथे कर्जप्रकरणं, अनुदानाचे प्रस्ताव, आणि दर थोड्या दिवसांनी जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक. 'झिल्हा उद्योग मित्र'च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून खात्यात हिला 'झूम' म्हणतात, मोबाइलवरचं झूम येण्याच्या कितीतरी आधीपासून. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, समोर उद्योजक, भिंतीकडेला वीज, पाणी, बांधकाम, प्रदूषण अशा सगळ्या खात्यांची माणसं. एक उद्योजक उठतो आणि म्हणतो, "साहेब, फाट्यापासून आमच्या गेटपर्यंत पथदिवे बंद आहेत, दुसऱ्या पाळीच्या बायका घरी कशा जाणार?" मग सुरू होतं : खांब आमचे, पण बिल ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायत म्हणते, रस्ताच आमचा नाही. इतिवृत्तात 'संबंधितांनी कार्यवाही करावी' असं लिहिलं जातं आणि पुढच्या बैठकीला तोच विषय पुन्हा पटलावर. या बैठका सांभाळताना आमच्या साहेबांना एक विद्या नक्की येते : कुठला कागद कुणाच्या टेबलावर अडलाय आणि तो कुणाला फोन केल्यावर हलतो. माझ्या मते त्यांची खरी पुंजी हीच. पत्रकात मात्र ती छापलेली नसते. तिथे असतं, मी कारखाने आणले, आता शहरात आणीन.

इथेच ऐकणाऱ्यानं थांबायला हवं. नगराध्यक्षाच्या हातात भूखंड नसतो. उद्योगांना सवलती राज्य सरकार देतं, 1964 सालच्या पहिल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेपासून आजपर्यंत. विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो. औद्योगिक क्षेत्रात नकाशे मंजूर करायचा अधिकार एमआयडीसीचा स्वतःचा. आणि बहुतेक ठिकाणी ते क्षेत्र पालिकेच्या हद्दीतही नसतं. कारखाना हद्दीबाहेर, कामगार हद्दीत. त्यांच्या खोल्या, त्यांचं सांडपाणी, त्यांचा कचरा, सुट्टीच्या दिवशीची त्यांची बाजारातली गर्दी, सगळं पालिकेच्या वाट्याला. कारखान्याचा कर मात्र पालिकेच्या गल्ल्यात येत नाही. जकात होती तोवर येणाऱ्या मालावर थोडंफार मिळायचं. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली आणि तेव्हापासून अनुदानासाठी मुंबईकडे डोळे. म्हणजे साहेबांनी आयुष्यभर ज्या कुंपणाच्या आत काम केलं, त्याच्या बाहेरच्या बाजूला आता त्यांना बसायचंय.

मग हातात काहीच नाही का? आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची दिली, तिच्यात पालिकांकडे सोपवता येतील असे 18 विषय, आणि तिसराच विषय आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन. कागदावर हे मोठं दिसतं. प्रत्यक्षात शहराचा धंदा पालिकेच्या लहान लहान निर्णयांवर चालतो. व्यापारी संकुलातले गाळे घ्या. भाडं कुठल्या तरी जुन्या काळात ठरलेलं, मूळ गाळेधारक दुसऱ्याच गावात, आत पोटभाडेकरू, आणि फरकाची रक्कम कुणाच्या खिशात जाते हे गावाला माहीत. फेरलिलाव काढायचा म्हटलं की सभागृहात एकदम शांतता. मालमत्ता कराची चतुर्थ वार्षिक आकारणी घ्या. नोटिसा निघतात, हरकती येतात, निवडणूक जवळ आली की सगळं गुंडाळून ठेवतात. फेरीवाल्यांचं तर विचारूच नका. 2014 च्या कायद्यानं शहर विक्रेता समिती आली, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत. भाजीच्या गाडीवाल्याला ओळखपत्र आणि ठरलेली जागा मिळाली तर त्याला बँकही दारात उभं करते. नाहीतर रोज सकाळी अतिक्रमणाची गाडी आणि रोज संध्याकाळी पुन्हा तोच ठेला. उद्योग केंद्रात कर्जप्रकरणं हाताळलेल्या माणसाला हे दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळायला हवं. कोपरा सभेत साहेब आले तर कारखान्यांबद्दल नको, गाळ्यांबद्दल विचारा. उत्तरात किती 'बघू' येतात ते मोजा.

दुसरी अडचण सवयीची. खात्यात साहेबांनी सही केली की आदेश निघायचा. पालिकेत अंमलबजावणीची सही मुख्याधिकाऱ्याची. विक्रेता समितीचे अध्यक्षही तेच. नगराध्यक्षानं सभा चालवायची, आणि ठराव बहुमतानंच. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, या पद्धतीचं तर आपण खेळणंच केलंय : 2001 ला आणली, 2006 ला काढली, 2016 ला परत आणली, 2020 ला पुन्हा काढली, 2022 ला पुन्हा आणली. आता नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असं होऊ शकतं. ठराव झाला तरी कुणीतरी नगरपालिका कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून त्याला स्थगिती आणतो. कालपर्यंत नगरसेवकाला केबिनबाहेर बसवून ठेवणाऱ्या माणसानं आज त्याच्या घरी चहाला जायचं, हे सगळ्यांना जमत नाही.

जमलेलं उदाहरणही आहे. आयसीएस असलेले स. गो. बर्वे. 1961 च्या पानशेत पुरानंतर पुण्यात त्यांनी केलेलं काम लोकांनी पाहिलं होतं. 1962 ला ते पुण्यातून विधानसभेवर गेले आणि 1967 ला मुंबईत कृष्ण मेनन यांना हरवून लोकसभेवर. पाठीशी काँग्रेस पक्ष होता, हे विसरून चालणार नाही. पुण्याचेच आयुक्त राहिलेले अरुण भाटिया 2004 मध्ये अपक्ष उभे राहिले. त्यांच्या कडक कारभाराचं कौतुक घरोघरी होतं, तरी निवडून आले नाहीत. या लढती विधानसभा-लोकसभेच्या, आपल्या गल्लीतल्या नव्हेत. पण टाळ्या आणि मतं यांतलं अंतर तेवढंच.

आणखी एक. उमेदवाराला अर्जासोबत मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. सगळ्यांचंच वाचावं, पण उद्योग खात्यातल्या माणसाचं जरा सावकाश. त्यात औद्योगिक भूखंड, शेड, गाळा असं काही आहे का, असेल तर कधी घेतलं, पत्नीच्या नावावर आहे का मुलाच्या, आणि तेव्हा साहेब कुठल्या खुर्चीवर होते. सरळ माणूस याचं उत्तर दोन वाक्यांत देईल, आणि विचारल्याचा राग धरणार नाही.

नमस्कार.