पहिली कळी खुडावी का?

(हंगामाच्या सुरुवातीला बागप्रेमींसमोर केलेलं भाषण, थोडी काटछाट करून)

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलाय तोच: पहिली कळी खुडावी का? माझं उत्तर ‘हो’ आहे. ते ऐकून दुसऱ्या रांगेतल्या दोघींनी आत्ताच पर्स उचलली. थांबा, अजून मी कात्री काढलेली नाही.

या आठवड्यात पहिलं फूल कुणाकुणाकडे उमललं? हात वर करा. वा! आणि त्यातल्या कितीजणांनी फोटो काढण्याआधी दात घासले होते? खाली गेले सगळे हात.

आधी माझ्या शेवंतीची गोष्ट. विषयाशी तिचं नातं आहे, जरा लांबचं. कुंडी गॅलरीत, जिन्याच्या दिव्याजवळ. पहिल्या वर्षी पाला असा माजला की पाहुणे विचारायचे, ‘ही कुठली भाजी?’ कळी एक नाही. मी खत वाढवलं. नत्र जास्त झालं की झाड पालाच वाढवत बसतं, हे मी चारचौघांना सांगत फिरायचो. स्वतःच्या कुंडीपाशी आलं की ते ज्ञान कुठे जातं कोण जाणे. दुसऱ्या वर्षी माती बदलली, पाणी तोडलं. झाडांशी बोलावं म्हणतात, म्हणून बोलून पाहिलं. मग भांडलोही. शेजारच्या काकूंनी निदान केलं, ‘तुमचा हातच जड आहे.’

तिसऱ्या वर्षी जिन्यातला दिवा गेला. तो कुणी बदलायचा यावर दोन महिने वाद चालला. त्यात मीच आघाडीवर. तीन तक्रारी लिहिल्या, तिसरी तर चांगली दोन पानी. आणि एका सकाळी बघतो तर शेवंतीच्या शेंड्याशेंड्यावर वाटाण्याएवढ्या हिरव्या गाठी! ज्या दिव्यासाठी मी भांडत होतो, तोच तिचा वैरी निघाला.

यामागचं शास्त्र जुनं आहे. गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांकडे तंबाखूची एक जात होती. उन्हाळ्यात ती नुसती उंच वाढायची, फुलायची नाही. त्यांनी ती रोपं दिवसाचे काही तास अंधारात ठेवली, तशी ती फुलली. 1920 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग करून दाखवलं की खरा हिशोब रात्रीचा असतो. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी झाडाचं गणित मोडतं. माझी शेवंती दोन वर्षं रात्र मोजायला बसत होती आणि दिवा तिची पाटी पुसत होता. सगळीच झाडं असं मोजत नाहीत हं. गुलाबाला याचं फारसं काही नसतं. त्यामुळे घरी जाऊन सगळ्या सोसायटीचे दिवे काढू नका.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ आणि मूळ विषय अजून दारातच उभा आहे. बरं, भराभर सांगतो.

झेंडू, झिनिया, पेटुनिया, डेलिया यांचं रोप लहान असतानाच शेंड्याला कळी आली, तर शेंड्यासकट खुडा. शेंड्यातून ऑक्सिन नावाचं द्रव्य खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात, एका फुलाच्या जागी चार-सहा फुटवे येतात. शिवाय कोवळ्या रोपाला आधी मुळं धरू द्यावीत. फूल थोडं लांबेल, तेवढं सोसा.

निशिगंध, लिली आणि एकाच दांड्याचं सूर्यफूल यांना हात लावायचा नाही. तिथे तो एकच दांडा. तो खुडलात तर निशिगंध-लिलीचा त्या खेपेचा बहर गेला, सूर्यफुलाचा तर कायमचाच. फूल सुकल्यावर मात्र ते लगेच काढा. बी धरू लागलं की हंगामी झाडाचा फुलण्यातला रस जातो. हे खरं म्हणजे वेगळं व्याख्यान आहे.

राहिली शेवंती. तिचा शेंडा आधीच्या वाढीच्या काळात खुडायचा. रात्री मोठ्या होऊ लागल्या की थांबायचं, कारण मग शेंड्यातच कळी धरते. पालवीचा डोळा कुठला आणि कळी कुठली, हे मी प्रत्यक्ष दाखवणार होतो. कुंडी मागच्या टेबलावर आहे, जाताना बघा. शेजारची कात्री नेऊ नका, ती माझी आहे.