बाकीच्या सतरा रेसचं काय?

(एक वर्ग. टेबलावर झेरॉक्सचे कागद. आवाज सुरू.)

समजा तुमची एक रेसिंग टीम आहे. आत्तापर्यंत 24 रेस पळालात, त्यातल्या 7 वेळा इंजिनाचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून गॅस निसटू न देणारी पट्टी, उडालं. आज पुन्हा रेस आहे, टीव्हीवर दाखवणारेत, वरच्या नंबरात आलात तर मोठा स्पॉन्सर हाताला लागतो आणि सगळ्या देशासमोर इंजिन उडालं तर टीमचं दुकान बंद. सकाळ एकदम गारठलेली, पारा 4 अंशांच्या आसपास. टीममधला एक जण म्हणतो, थंडीनेच गॅस्केट जातं. दुसरा म्हणतो, काही संबंध नाही, गरम दिवशी पण गेलंय की. तुमच्यासमोर एक आलेख, त्यावर गॅस्केट उडालेल्या दिवसांच्या तापमानाचे सात ठिपके, थोडे इकडे थोडे तिकडे. बोला, गाडी पळवायची का नाही?

पहिल्यांदा ही केस, म्हणजे निर्णय घ्यायला शिकवण्यासाठी वर्गात दिला जाणारा असा प्रसंग, हातात आली तेव्हा मी पण "पळवा" म्हणालो होतो, आणि वर्गातल्या बहुतेकांनी तेच म्हटलं. आम्ही गुणाकार केले, शक्यता काढल्या, फळ्यावर कोष्टकं मांडली, तासभर नुसता कल्ला. सरांनी सुरुवातीलाच एक वाक्य सांगून ठेवलं होतं, "अजून काही माहिती लागली तर मागा." कोणी मागितलीच नाही!

मग सर म्हणाले, सात रेसमध्ये गॅस्केट उडालं ते पाहिलंत, बाकीच्या सतरा रेसमध्ये उडालं नाही, त्या दिवशी हवा कशी होती?

वर्ग चिडीचूप.

ते सतरा ठिपके आलेखावर टाकले की चित्रच पालटतं. गॅस्केट न उडता पार पडलेल्या सगळ्या रेस उबदार दिवसांतल्या, थंडीतली एकही धड गेलेली नाही. आणि मग सर शेवटचा पत्ता टाकतात. हे आकडे गाडीचे नाहीतच. हे आहेत अमेरिकेच्या स्पेस शटलच्या रॉकेटमधल्या, सांध्यातून गॅस निसटू न देणाऱ्या रबरी रिंगांचे, आणि तुम्ही आत्ता "पळवा" म्हणून चॅलेंजर यानाला हिरवा कंदील दाखवलाय.

(28 जानेवारी 1986. फ्लोरिडा. आकाशात दोन फाटे फुटलेला पांढरा धूर.)

उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान तुटलं, सात माणसं गेली, त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ नावाची शाळेतली शिक्षिका होती. त्याच वर्षी दोन अमेरिकन प्राध्यापकांनी ही रेसिंगची केस लिहिली, 'कार्टर रेसिंग' नावाने, आणि आजही ती एमबीएच्या वर्गांत चालते.

आपल्याकडे केस स्टडी म्हटलं की लोकांना मुंबईचे डबेवाले आठवतात, 2010 मध्ये हार्वर्डने त्यांच्यावर केस लिहिली म्हणून छाती फुगवून सांगतो आपण. सांगायलाच पाहिजे. पण मला विचाराल तर यशाच्या केसमध्ये वर्ग टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. फसलेल्या निर्णयाची केस मात्र रात्री झोपताना पण डोक्यात फिरत राहते, कारण तिथे आपण स्वतःच फसलेले असतो.

केस देऊन शिकवायची ही पद्धत जुनी आहे, हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने 1920 च्या दशकात ती रुळवली, आणि 1961 मध्ये अहमदाबादचं आयआयएम सुरू झालं तेव्हा हार्वर्डच्याच मदतीने ती आपल्याकडे आली. 'डिसिजन सपोर्ट', म्हणजे निर्णय घ्यायला मशीनची मदत, हा शब्द त्यानंतरचा. 1971 मध्ये एमआयटीच्या गोरी आणि स्कॉट मॉर्टन या दोघांनी मांडलं की काही निर्णय ठरलेल्या चाकोरीतले असतात, ते मशीनवर सोडता येतात, काही अर्धवट चाकोरीतले असतात, तिथे मशीनने माहिती पुरवायची आणि निर्णय माणसाने घ्यायचा. आता गंमत बघा, माहिती पुरवायची म्हणजे नक्की कुठली पुरवायची? इथेच सगळी मेख आहे.

(काळोख. फॅक्स मशीनचा आवाज.)

27 जानेवारीची संध्याकाळ. तीन ठिकाणची माणसं फोनवर. युटामध्ये थायोकॉल, म्हणजे ती रॉकेटं बनवणारी कंपनी, अलाबामात नासाचं मार्शल सेंटर, आणि फ्लोरिडात जिथून उड्डाण व्हायचं तिथली मंडळी. व्हिडिओ वगैरे काही नाही, फक्त आवाज आणि फॅक्सने आलेले 13 तक्ते, तेही घाईघाईत बनवलेले. सकाळी रिंगांचं तापमान उणे 2 अंशांच्या आसपास असेल असा अंदाज होता. थायोकॉलच्या इंजिनियरांनी सांगितलं की 53 फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण 12 सेल्सियसच्या खाली उडवू नका, आत्तापर्यंतचं सगळ्यात गार उड्डाण तेवढ्यावर झालंय आणि त्यात रिंगेतून गॅस निसटला होता. नासाकडून उलट प्रश्न आला, 24 सेल्सियसला पण निसटला होता की, मग थंडीचाच दोष कशावरून?

तंतोतंत आमच्या वर्गातलं भांडण.

कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, आपसात बोलायला. पाचाची जवळपास तीस झाली. रॉजर बॉइजॉली हा इंजिनियर फोटो दाखवून जीव तोडून सांगत होता, त्याने तर आदल्या जुलैमध्येच लेखी इशारा दिला होता की माणसं मरतील. शेवटी एका वरिष्ठाने इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. मत दिलं फक्त चार मॅनेजरांनी. फोन पुन्हा जोडला, "उडवा", लेखी फॅक्स गेला. आणि ज्या वरच्या लोकांनी उड्डाणाला शेवटचा होकार दिला त्यांना हा वाद झाला हे कोणी सांगितलंच नाही.

अपघातानंतर चौकशीसाठी रॉजर्स आयोग बसला. सुनावणीत आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि दाखवलं की गार रबर लगेच फुगून जागेवर येत नाही, तो प्रसंग सगळ्यांना माहितीय. पण आयोगाच्या अहवालातला मला जास्त टोचणारा भाग म्हणजे दोन साधे आलेख. एकात फक्त बिघाडाची उड्डाणं, ठिपके पसरलेले, त्यातून काही कळत नाही. दुसऱ्यात सगळी उड्डाणं. 66 फॅरेनहाइट आणि वरच्या वीस उड्डाणांत बिघाड तिघांत, 63 आणि खालच्या चारही उड्डाणांत बिघाड. शाळकरी पोरगं पण सांगेल.

इथे मास्तर पुस्तक मिटतो आणि वर्ग सुटतो. पण संशोधन करणारी माणसं इथून पुढे चालू होतात, आणि ती शिकवण्याच्या केसची मजा थोडी घालवतात, चांगल्या अर्थाने. डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कागदपत्रं उपसली, लोकांशी बोलल्या आणि 1996 मध्ये लिहिलं की कोणी पैशासाठी जीव धोक्यात घातले अशी ही सरळ गोष्ट नाही, अधूनमधून एखाद्या उड्डाणात थोडा बिघाड दिसत होता, यान सुखरूप परत येत होतं, आणि "एवढं चालतं" ही सवय नियमांत बसूनच लागत गेली. 1997 मध्ये आलेख कसे काढावेत यावर लिहिणारे एडवर्ड टफ्टी यांनी दोष तक्त्यांवर टाकला, धड आलेख काढला असता तर उड्डाण थांबलं असतं म्हणे. त्यावर 2002 मध्ये एक शोधनिबंध आला, लेखकांत स्वतः बॉइजॉली, की अहो, सगळ्या उड्डाणांची रिंगेची तापमानं त्या संध्याकाळी आमच्या हाताशी नव्हतीच, आणि तुम्ही तुमच्या आलेखात हवेचं तापमान आणि रिंगेचं तापमान एकत्र कालवलंय.

म्हणजे वर्गात सर जो कागद खिशातून काढतात, तो कागद त्या संध्याकाळी कोणाच्याच खिशात नव्हता. केस लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, म्हणून त्याला बरोबर सतरा ठिपकेच लपवायचं सुचतं. केस वापरू नका असं मी म्हणत नाहीये, उलट मी तर म्हणतो आधी वर्गाला फसू द्या, मग वॉनबाई वाचायला द्या, मग बॉइजॉलींचा निबंध द्या, आणि पोरांना त्याच केसवर मास्तराशीच भांडू द्या. बहुतेक ठिकाणी पहिल्या तासालाच गाडी थांबते, सिलॅबस संपवायचा असतो ना.

(2003. टेक्सासच्या आकाशात तुटत जाणाऱ्या प्रकाशाच्या रेषा.)

1 फेब्रुवारी 2003, कोलंबिया, नासाचं दुसरं शटल. पुन्हा सात माणसं, त्यात आपली कल्पना चावला. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा सुटून पंखावर आपटला होता. यान वर असतानाच इंजिनियरांनी अभ्यास करून स्लाइड बनवली, आणि पंखाचे फोटो मिळावेत म्हणून विनंत्या झाल्या, त्या पुढे गेल्या नाहीत. चॅलेंजरची केस तोपर्यंत वर्षानुवर्षं शिकवून झाली होती.

ती स्लाइड चौकशी अहवालात छापलीय. मथळ्यावरून वाटतं की चाचण्या बघता काळजीचं कारण कमीच. त्याखाली बुलेट, बुलेटच्या पोटात बुलेट, अक्षर बारीक होत जातं, आणि अगदी तळाच्या ओळीत लिहिलंय की आपटलेला तुकडा 1920 घन इंचांचा, आणि चाचणी केली होती ती 3 घन इंचांच्या तुकड्यावर.